गाडीतलं नेव्हिगेशन वर्षभर वापरून: कमी अंतर, कमी वेळ का निसर्गरम्य?

2024 च्या दिवाळीत गाडीला नवीन स्क्रीन बसवून घेतली. गाडी जुनी, सेकंड हँड, डिझेल, पण इंजिनाचा नाद करायचा नाही असली. स्क्रीन फिटिंगसकट चौदा हजाराला पडली आणि तिच्यासोबत एक नेव्हिगेशन अॅप वर्षभर फुकट मिळालं. आता ते वर्ष संपलं, रोज सकाळी चावी फिरवली की "नूतनीकरण करा" म्हणून पाटी येत होती, आणि ती पाटी बघून बघूनच हा रिव्ह्यू लिहायला बसलोय. अॅपचं नाव लिहीत नाही. ज्याच्या गाडीत असेल तो ओळखेल, आणि नाही ओळखलं तरी बिघडत नाही कारण ज्याच्याबद्दल बोलायचंय ती तीन बटणं थोड्याफार फरकानं बऱ्याच अॅपमध्ये सापडतील.

तर तीन बटणं. कुठं जायचं ते टाकलं की विचारतं: कमी अंतर, कमी वेळ, निसर्गरम्य. ऐकायला किती सोपं वाटतं. पुण्या-मुंबईत सोपं असेलही. कोल्हापुरातनं निघताना मात्र ह्यातलं कुठलं बटण दाबायचं हे कळायला मला अख्खं वर्ष, एक लग्न, एक बंधारा आणि आईच्या शिव्या एवढं सगळं लागलं.

आधी चांगलं सांगतो. स्क्रीन उन्हात पण दिसते. नकाशा आधीच डाऊनलोड करून ठेवता येतो त्यामुळं घाटात रेंज गेली तरी गाडीचा बाण हलत राहतो, लोकांना वाटतं रेंज गेली की जीपीएस पण गेलं, तसं नसतंय, गाडी कुठाय हे उपग्रहावरनं कळतं, रेंज लागते ती फक्त पुढचं ट्रॅफिक कळायला. फोंडा घाटात माझ्या मोबाईलला एक काडी रेंज नव्हती तेव्हा पण बाण बरोबर वळणावर वळण घेत होता, तिथं पैकीच्या पैकी मार्क.

आवाज मराठी आहे पण बाईच्या तोंडात ळ नाही. कळ्याला काले म्हणते, हळदीला हल्दी, वडणग्याला वडांगे. आमचे मामा एसटीत ड्रायव्हर होते, बत्तीस वर्षं कोकणातल्या गाड्या ओढल्या, रिटायर होऊन सात वर्षं झाली. पहिल्यांदा माझ्या गाडीत बसले आणि बालिंग्याच्या पुलाच्या पुढं बाई म्हणाली "काले बारा किलोमीटर", तर मामा म्हणाले, "आरं लगा, हिला ळ म्हणता येत न्हाई आणि ही मला घाट दावणार व्हय?" तेव्हापासनं मामा पाठीमागं बसले की बाईचं एक वाक्य आणि मामांचं एक वाक्य असं चालतं आणि मला म्युझिक सिस्टीमची गरज पडत नाही.

आता पहिला दणका. डिसेंबर महिना, कणकवलीला बायकोच्या मावसबहिणीचं लग्न, साडेबाराचा मुहूर्त. कोल्हापुरातनं कणकवलीला जायच्या मुख्य वाटा दोन. एक राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरायचा. दुसरी कळे, गगनबावडा आणि मग करूळ घाट उतरून वैभववाडी, तळेरे. अंतर दोन्हीकडनं साधारण एकशे दहाच्या आसपास, पाच-सात किलोमीटर इकडं का तिकडं, त्यामुळं घरातनं निघताना कुठली घ्यायची ह्याच्यावर आमच्यात दरवेळी चर्चा होते आणि दरवेळी बायकोचं बरोबर निघतं. ह्यावेळी मी म्हटलं चर्चा बंद, मशीनला विचारू. कमी वेळ दाबलं. गगनबावड्याची वाट आठ मिनिटांनी कमी दाखवली.

"अहो, दादा म्हणत होता करूळ घाट बंद आहे."

"अगं हे लाईव्ह असतंय सगळं."

करूळ घाट रुंदीकरण आणि काँक्रीटच्या कामासाठी 2024 च्या जानेवारीपासनं बंद होता. अख्ख्या जिल्ह्याला माहीत होतं, पेपरात आलं होतं, दादाला माहीत होतं, मला पण कुठंतरी कानावरनं गेलं होतं. मशीनला माहीत नव्हतं. आणि मी चौदा हजार दिलेले असल्यामुळं मशीनवर विश्वास ठेवला, माणसाचं असंच असतंय, पैसे दिलेल्या गोष्टीवर जास्त विश्वास.

बरं घाटाचं पुढं, त्याच्या आधी ऊस. डिसेंबर म्हणजे गळीत हंगाम पेटलेला. फुलेवाडी सोडली आणि डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर सुरू झाले. बाहेरच्या लोकांना कल्पना यायची नाही म्हणून सांगतो, एक ट्रॅक्टर, त्याच्यामागं दोन ट्रॉल्या, दोन्हींवर ऊस एवढा की बाजूनं लोंबतोय, मागं लाल दिवा असला तर नशीब, आणि पुढं ड्रायव्हरनं लावलेलं गाणं तुमच्या काचा बंद असल्या तरी शब्द न शब्द ऐकू येतंय. स्पीड वीसच्या आत. ओव्हरटेक करायला गेलं तर समोरनं रिकामा ट्रॅक्टर येतोय, आणि रिकामा ट्रॅक्टर भरलेल्यापेक्षा बेकार कारण तो उड्या मारत येतो. असे एकामागं एक सहा. स्क्रीनवर रस्ता निळाशार, ट्रॅफिक काही नाही. मला वाटतं ह्याचं कारण बाईकवाले. ट्रॅफिकचा अंदाज हा रस्त्यावरच्या लोकांचे मोबाईल किती वेगानं सरकतायत त्याच्यावरनं बांधतात, आणि आमच्याकडं ट्रॅक्टरच्या बगलेतनं पन्नासनं सुळ्ळकन जाणारे बाईकवाले एवढे की मशीनला वाटत असणार रस्ता मोकळाच आहे. चारचाकीवाला मागं रांगेत उसाचा वास घेत बसलाय हे त्याला कसं कळणार.

गगनबावड्यात पोचलो तर पुढं बॅरिकेड. चहाच्या टपरीवर विचारायला उतरलो, टपरीवाल्यानं गाडीतल्या स्क्रीनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि गाळणी झटकत म्हणाला, "मशीन बघून आलाय न्हवं? सकाळपासनं चौथी गाडी." मग भुईबावडा घाट. वाट अरुंद, करूळची सगळी वाहतूक तिकडं वळवलेली, समोरनं गाडी आली की एकानं कडेला दबून थांबायचं. बायको एक शब्द बोलली नाही, आणि ज्यांची लग्नं झालीत त्यांना कळेल की हे बोलण्यापेक्षा वाईट. कणकवलीत पोचलो तेव्हा पहिली पंगत ताक पिऊन उठत होती.

ह्या आठ मिनिटांवर मी नंतर बराच विचार केला. ह्या मशीनचं गणित तसं साधं आहे. प्रत्येक रस्त्याचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला एक आकडा द्यायचा आणि ज्या वाटेची बेरीज सगळ्यात कमी ती दाखवायची. डायक्स्ट्रा नावाच्या डच माणसानं 1959 मध्ये ही बेरजेची रीत छापली, आणि आजच्या अॅपच्या पोटात पण तिचीच सुधारलेली भावंडं बसलीत. कमी अंतर दाबलं की आकडा मीटरचा, कमी वेळ दाबलं की आकडा सेकंदाचा. बेरीज चुकत नाही, बेरीज कधीच चुकत नाही, चुकतो तो तुकड्यावर लिहिलेला आकडा. आणि कोल्हापूर जिल्ह्यात तो आकडा दर दोन-तीन महिन्यांनी बदलतो. डिसेंबरात ऊस, मेमध्ये कोकणात निघालेल्या गाड्या, जुलैत पाणी. कुठली वाट ह्याच्या आधी कुठला महिना हे विचारायला पाहिजे, आणि महिन्याचं बटण ह्यांच्याकडं नाही.

जुलैवरनं आठवलं, आता कमी अंतर. ह्या बटणाबद्दल मी जरा कडक बोलणार आहे.

कळ्याजवळ मित्राच्या वडलांना बघायला गेलो होतो, तिथनं कोतोलीच्या बाजूला एकाला पैसे द्यायचे होते. मध्ये कासारी नदी. नेहमीच्या वाटेनं वळसा पडतो म्हणून कमी अंतर दाबलं, निम्म्याहून कमी दाखवलं. पाऊस दुपारी थांबलेला, संध्याकाळचे सहा, उजेड होता. आधी चांगला डांबरी रस्ता, मग एक गाडी जाईल एवढा, मग दोन्ही बाजूला ऊस आणि मध्ये लाल चिखलाच्या दोन चाकोऱ्या. बाई शांतपणे "सरळ जा, सरळ जा". एक वळण घेतलं आणि पुढं रस्ताच पाण्यात गेला. बंधारा होता. वरची फरशी पाण्याखाली, साधारण गुडघाभर पाणी फेसाळत वरनं पलीकडं पडतंय, त्याच्यात एक अख्खं झुडूप अडकून थरथरतंय आणि अलीकडं दोन दगडांवर एक आडवा बांबू, त्याला लाल फडकं. स्क्रीनवर मात्र सरळ निळी रेघ पाण्याच्या पलीकडं. "सरळ जा, चारशे मीटर."

म्हसरं घेऊन एक म्हातारे उभे होते, डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ.

"कुठं निघालायसा?"

"कोतोलीला."

"पवत?"

मी काय बोलणार. म्हणाले बंधारा चार दिस झालं पाण्याखाली आहे, मगाशी आणि एक मोबाईलवाला येऊन गेला. मग त्या उसातल्या वाटेनं अर्धा किलोमीटर रिव्हर्स, आरशात नुसता चिखल, म्हातारे मागं उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या, डावी घ्या" करतायत आणि बाई दर दहा सेकंदाला "शक्य असेल तेव्हा यू-टर्न घ्या". शेवटी बाईचा आवाज बंद केला आणि म्हाताऱ्यांचाच ऐकला.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. कोल्हापुरी बंधारा म्हणजे पूल नव्हे. नदीत दगडी खांब, खांबांच्या मध्ये पावसाळा संपला की बर्गे घालायचे, म्हणजे फळ्या, पाणी अडवायचं, शेतीला वापरायचं, आणि पावसाळ्याच्या तोंडावर बर्गे काढून घ्यायचे. पूर आला की तो पाण्याखाली जाणार हे बांधतानाच ठरलेलं असतं. त्याच्या वरनं उन्हाळ्यात लोक सायकली, बाईका, बैलगाड्या नेतात, कुठं कुठं चारचाकी पण जाते, म्हणून नकाशात कोणीतरी त्याला रस्ता म्हणून रेघ मारून ठेवली. मशीनच्या दृष्टीनं बारमाही रस्ता. पावसाळ्यात पेपरात रोज यादी येते, भोगावतीवरचे हे हे बंधारे पाण्याखाली, कासारीवरचे हे हे, कुंभीवरचे हे हे. एक रुपयाही न घेता ही माहिती गावातल्या टपरीवर लटकलेली असते. वर्षाला पैसे मागणाऱ्या अॅपला ती घेता येत नाही का?

आणि नुसता बंधाऱ्याचा प्रश्न असता तर ठीक. आमच्याकडं पावसाळ्यात वाट कुठली हे दुसऱ्याच आकड्यांवर ठरतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटावर आहे, 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, हे कोल्हापुरात पोरासोरांना पाठ. राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले, सात स्वयंचलित दरवाजे आहेत, तलाव भरला की आपापले उघडतात, आणि एक-दोन उघडले म्हणजे काय आणि पाच-सहा उघडले म्हणजे काय हे इथल्या माणसाला लगेच उमगतं. रेडेडोह फुटला का, म्हणजे तिथं नदीचं पाणी पात्र सोडून बाहेर पडलं का, फुटला तर पन्हाळा-रत्नागिरीचा रस्ता केर्लीच्या अलीकडं गेला. मांडुकलीजवळ पाणी आलं का, आलं तर गगनबावड्याचा विषय संपला. 2019 ला आणि 2021 ला तर शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवेच पाण्याखाली होता. हे सगळं पाणवठ्यावरच्या गप्पांसारखं आम्ही रोज बोलतो. स्क्रीनवर ह्यातलं काही नाही, तिथं फक्त एक गोंडस ढग आणि 24 अंश.

म्हणून माझं मत, चारचाकीवाल्यांनी ग्रामीण भागात कमी अंतर हे बटण दाबूच नये. त्या वाटेनं मीटर वाचतात आणि बाकी सगळं जातं. शहरात पण तेच. एकदा रंकाळ्यावरनं बिंदू चौकात जायला कमी अंतर लावलं, नवरात्र जवळ आलेली, बाईनं नेऊन महाद्वार रोडच्या तोंडाशी घातलं. पुढं बांगड्या, मागं रिक्षा, मध्ये मी. एक दुकानदार बाहेर येऊन म्हणाला, "भावा, गाडी दुकानात लावतोस काय आता?" त्याचा टोमणा पण बरोबर होता, अंतर खरंच कमी होतं.

कमी वेळ हे बटण मात्र पुण्याला जाताना चांगलं चालतं हे कबूल करायला पाहिजे. हायवेला मोबाईलवाले भरपूर, त्यामुळं पुढं कुठं तुंबलंय ते आधी कळतं, पोचायची वेळ पण बऱ्यापैकी बरोबर सांगतं. कागल ते सातारा सहापदरीचं काम चालू असल्यामुळं कधी मेन रोडवर, कधी खाली सर्व्हिस रोडवर, कधी नव्या पुलाच्या पोटातनं असं चाललेलं असतं, तिथं बाई जरा गडबडते. वरनं जायचं का खालनं हे तिला कळत नाही, पाटी एक सांगते आणि ती दुसरंच, तिथं सरळ पाटीचं ऐकायचं. टोल टाळा हे पण एकदा लावून बघितलं, हौसेनं. हायवे सोडून गावागावातनं, स्पीडब्रेकर मोजत, वर पाऊण तास जास्त. किणीच्या नाक्यावर वाचवलेल्या पैशाचं डिझेल जळालं आणि कंबर वेगळी. एकदा करून बघायला हरकत नाही, दुसऱ्यांदा कोण करेल असं वाटत नाही.

आता राहिलं निसर्गरम्य. ह्या बटणाच्या जाहिरातीलाच मी भुललो होतो खरं तर. मीटर मोजता येतं, सेकंद मोजता येतो, मजा कशात मोजणार? माझ्या निरीक्षणाप्रमाणं हे अॅप हायवे टाळतं, वळणं जास्त असलेला रस्ता निवडतं आणि नकाशावर आजूबाजूला हिरवं किंवा निळं असलं की खूश होतं. कल्पना वाईट नाही. पण कोल्हापुरात हिरवं म्हणजे काय? ऊस!

सप्टेंबरात आईला डोळे दाखवायला मिरजेला न्यायचं होतं. नेहमीचा रस्ता हातकणंगले, जयसिंगपूर. म्हटलं वेळ आहे, आईला जरा फिरवून आणू, निसर्गरम्य दाबलं. शिरोळच्या बाजूनं नदीच्या कडंकडंनं असं नकाशावर लई सुंदर दिसत होतं. प्रत्यक्षात दोन्ही बाजूला गाडीच्या वर चार-पाच फूट गेलेला ऊस. नदी दिसत नाही, गाव दिसत नाही, वर आभाळाची एक पट्टी तेवढी दिसते. बोगद्यातनं गेल्यासारखं अर्धा तास. मध्ये एकदा उसातनं कुत्रं आलं तेवढाच काय तो निसर्ग. आई बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "ऊस बघायला आणलंस व्हय रं मला? आपल्या परड्याच्या मागं हाय की." अपॉइंटमेंट चुकली ती वेगळीच, नंबर परत शेवटी लागला, आणि परत येताना मी गपगुमान जयसिंगपूरवरनं आणली गाडी.

पण ह्याच बटणानं एकदा खरंच आनंद दिला, तोही सांगितला पाहिजे. ऑक्टोबरात परत कणकवली, ह्यावेळी घाई नाही, लग्न नाही, मामा बरोबर. निसर्गरम्य दाबलं तर त्यानं आजरा, आंबोली, सावंतवाडी असं खालनं फिरवून वर कणकवलीला आणायचं ठरवलं. म्हणजे सत्तर-ऐंशी किलोमीटर जादा. वाट भारी आहे ह्यात वाद नाही, आंबोलीचा घाट कुणाला आवडत नाही, पण ऐंशी किलोमीटर म्हणजे चेष्टा नव्हे. मामा म्हणाले, "डोंगार बघायला डोंगराच्या भवतीनं फेरी कशाला मारायची, फोंड्यानं चल." मग मी हळूच एक गोष्ट शोधली जी पहिल्या महिन्यातच शोधायला पाहिजे होती. मधला थांबा. म्हणजे शेवटचं ठिकाण कणकवली, पण मध्ये राधानगरी टाकायचं, मग दाजीपूर टाकायचं, आणि मग कमी वेळ दाबायचं. मशीनला पर्यायच उरत नाही, तुम्ही म्हणाल तिकडनंच जायला लागतं. वाट आपण ठरवायची, वेळ त्यानं सांगायची. ह्या अॅपचा हा एवढा एक उपयोग मला वर्षभरात शंभर टक्के पटला.

पहाटे साडेपाचला निघालो. पुईखडी, हळदी, परिते, भोगावती. हंगाम अजून सुरू व्हायचा होता, रस्ता मोकळा. राधानगरीत चहा-भजी. तिथनं पुढं रस्ता जंगलात शिरतो, 1958 पासनं गव्यांसाठी राखलेलं अभयारण्य, पश्चिम घाटातली जी ठिकाणं 2012 ला जागतिक वारशात गेली त्यात हे पण आहे, पण त्या पाटीपेक्षा वास सांगतो की जंगल आलं. धुकं एवढं की बॉनेटच्या पुढं वीस फूट. मामांनी काच खाली केली. "हळू. वास येतोय." मला कसला वास येत नव्हता. वळण घेतलं आणि रस्त्याच्या मधोमध गवा. एकटा, नर, पायात पांढरे मोजे घातल्यासारखा, अंगावरनं वाफ निघतीय. मामा म्हणाले इंजिन बंद कर, हॉर्नला हात लावू नको, लाईट डिम कर. बसलो. गव्यानं आमच्याकडं बघितलं, मान वळवली, रवंथ चालू. दहा मिनिटं. स्क्रीनवर रस्ता निळाशार आणि बाई एकदम मध्येच म्हणाली, "तुमच्या मार्गावर कोणताही विलंब नाही."

मामा एवढे हसले की मला वाटलं गवा बिथरतोय. तो सावकाश उतरून झाडीत गेला.

घाटाच्या अलीकडं मामांनी अजून एक गोष्ट शिकवली. समोरनं कणकवलीहून येणारी एसटी दिसली की तिच्या टायरकडं बघायचं. चिखल कुठवर उडालाय, ताजा आहे का वाळलेला, त्याच्यावरनं खाली घाटात पाऊस किती आणि रस्ता कसा हे कळतं. आणि ड्रायव्हरनं दोनदा लाईट मारली तर पुढं काहीतरी आहे, झाड, दरड, नाहीतर गुरं. "ही आमची लाईव्ह सिस्टीम हुती," म्हणाले. त्या दिवशी आलेल्या एसटीचे टायर कोरडे होते, घाट मस्त मिळाला, खाली उतरल्यावर एकदम दमट गरम हवा अंगावर आली आणि मी स्वेटर काढला.

तर ज्यांना हे घ्यायचंय त्यांच्यासाठी माझं सेटिंग असं आहे. कच्चा रस्ता टाळा हे कायम चालू ठेवायचं, हे आत कुठंतरी तिसऱ्या पानावर लपवलंय, शोधून काढा. कमी अंतर विसरायचं, बाईकवाला असाल तर उन्हाळ्यात चालेल. पुणे, बेळगाव, हायवेचं काहीही असलं तर कमी वेळ. कोकणात उतरायचं असेल तर घाट आधी घरच्यांना विचारून ठरवायचा आणि घाटावरचं गाव मधला थांबा म्हणून टाकायचं. नोव्हेंबर ते मार्च कारखान्याच्या वाटेवर असाल तर सांगितलेल्या वेळेत तासाला पंधरा मिनिटं आपली आपण मिळवायची. जुलै-ऑगस्टला स्क्रीनच्या आधी पेपर. निसर्गरम्य फक्त तेव्हा जेव्हा पाठीमागं बसलेल्यांना कुठंच पोचायचं नाही, आणि आई गाडीत नाही.

स्टार द्यायचे तर स्क्रीनला चार, ऑफलाईन नकाशाला पाच, मराठी आवाजाला ळ येईपर्यंत दोन, कमी अंतरच्या बटणाला शून्य देता येत नाही म्हणून एक. सगळं मिळून तीन टाकलेत.

नूतनीकरण केलं काल. बायको म्हणाली, "कशाला? विचारताय तर मामांनाच." पण मामांनीच सांगितलं भर म्हणून, त्यांना आता भांडायला कोणीतरी लागतं गाडीत. तो कासारीवरचा बंधारा मी जुलैतच नकाशात चूक म्हणून कळवला होता, फोटोसकट, लाल फडक्याचा. "धन्यवाद, आम्ही तपासत आहोत" असं उत्तर त्याच रात्री आलं. काल नवीन नकाशा उतरवून घेतल्यावर पहिल्यांदा तेच बघितलं. निळी रेघ अजून तशीच सरळ पलीकडं जातीय. फरक एवढाच की आता तिथं फरशी कोरडी असणार आणि पाटबंधारेवाल्यांची माणसं बर्गे घालत असणार.